जो जास्त ओरडतो, त्याचं आधी?

भांडुपहून एका वाचकाचं पत्र आलंय. थोडं आवरून देते.

"ताई, माझं वय ३७. फेब्रुवारीत कंपनी बंद पडली. जुलैपासून दुसरीकडे लागलोय, पण पगार हातात ३६ हजार, म्हणजे आधीपेक्षा नऊ हजारांनी कमी. घर चालवून आठ-साडेआठ हजार उरतात. मधल्या काळात सगळंच थकलं. क्रेडिट कार्डाचे ८४,६०० होते, पाच महिने काहीच भरलं नाही, आता १,१२,४०० सांगतात. पतपेढीचं दीड लाखाचं कर्ज आहे, हप्ता ४,९००, चार हप्ते गेलेले नाहीत. मेहुणा जामीन आहे. लाइट बिल दोन महिन्यांचं ५,१४०. एका जुन्या पोस्टपेड नंबरचे १,२४० निघतात, ते मला मान्यच नाहीत, मी नंबर बंद केला होता.

कार्डाचे वसुलीवाले जीव नकोसा करतात. एकदा रात्री सव्वानऊला फोन, मी लोकलमध्ये, आजूबाजूचे ऐकतायत. चिपळूणला मामांना फोन करून 'तुमचा भाचा पैसे बुडवून पळालाय' म्हणाले. मला म्हणतात ४२० खाली आत घालू. परवा म्हणाले, आज सहापर्यंत ४८ हजार भरा, विषय संपला. बायकोला कार्डाचं माहीत नाही. तिच्या पाटल्या ठेवून ४८ हजार भरून मोकळा होऊ का? दोन-तीन वर्षांत बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाईल, वाढीव जागेसाठी कर्ज लागेल. सिबिलचं काय?

पतपेढीचं म्हणाल तर ते लोक चांगले आहेत, त्रास देत नाहीत."

दादा, तुमची ती शेवटची ओळ मी तीनदा वाचली. पत्र तुम्ही कार्डाबद्दल लिहिलंय, आणि मला काळजी वाटतेय ती या ओळीची.

मी बँकेत ३१ वर्षं होते, त्यातली शेवटची सात वसुलीत. तिथे एक गोष्ट रोज दिसायची. माणूस अडचणीत आला की जो जास्त ओरडतो त्याला आधी पैसे देतो, आणि जो गप्प आहे त्याला 'समजूतदार आहे' म्हणून मागे ठेवतो. आमच्या घरातही हेच झालंय. वडील गिरणीत होते, आम्ही डिलाईल रोडला राहायचो. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाशी व्याजाने पैसे देणारा पठाण काठी घेऊन उभा असायचा, त्यामुळे पहिला पैसा त्याच्या हातात. खोलीचा मालक सभ्य, दारात येऊन कधी आवाज चढवला नाही. त्याची थेट वकिलाची नोटीस आली. आईने ती नोटीस पिठाच्या डब्याखाली ठेवली होती, ते मला अजून आठवतं.

तर कोण किती ओरडतो हे जरा बाजूला ठेवा आणि न दिल्यास कोण नक्की काय करू शकतो ते बघू.

कार्डवाले काय करू शकतात? फोन. पत्रं. फार तर दिवाणी दावा, किंवा लोकअदालतीची नोटीस. लोकअदालतीची नोटीस आली की लोकांचे हातपाय गळतात, पण तिथे तडजोड दोघांच्या मर्जीनेच होते, सक्ती नसते. कार्डाच्या कर्जाला तारण नाही, म्हणजे कोर्टाच्या हुकुमाशिवाय घरावर टाच आणायला कोणी येत नाही. उसने घेतलेले पैसे परत करता न येणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. फसवायच्याच इराद्याने घेतले हे सिद्ध व्हावं लागतं, आणि तुम्ही तर नोकरी असेपर्यंत भरत होता. बाकी ते ४२० कलम १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात ३१८ झालंय. धमकी देणाऱ्याने निदान कलम तरी ताजं वापरावं.

आता पतपेढी. कर्ज घेताना तुमच्याकडून सह्या केलेले कोरे चेक घेतलेत का? घेतलेच असतील. पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत, कारण तेव्हा इतक्या कागदांवर सह्या केल्या की चेकचं लक्षातही राहत नाही. त्यातला एक त्यांनी भरून बँकेत टाकला आणि परत आला की निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८ लागतं. आणि ते फौजदारी आहे. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत ते तुम्हाला नोटीस पाठवणार, नोटीस हातात पडल्यापासून १५ दिवसांत पैसे भरायचे, नाही भरले तर केस. शिक्षा दोन वर्षांपर्यंत किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'चेक कोरा होता, रक्कम त्यांनी घातली' हा बचाव सहसा टिकत नाही. म्हणजे तुमच्या सगळ्या देण्यांमध्ये ज्याच्यापायी खरोखर कोर्टाची पायरी चढावी लागेल ते देणं तुम्ही 'चांगले लोक' म्हणून खाली ढकललंय.

दुसरं, १०१ चा दाखला. सहकार कायद्याच्या, म्हणजे १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली पतसंस्था निबंधकांकडे अर्ज करते, आणि दाखला मिळाला की वसुली अधिकारी पगारावर, मालमत्तेवर जप्ती आणू शकतो. दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं तारखा घालवायची त्यांना गरज पडत नाही. आणि हे सगळं जसं तुमच्यावर, तसंच जामीनदारावर. करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरलेली आहे. आधी तुमच्यामागे लागा, मग माझ्याकडे या, असं म्हणायची सोय मेहुण्याला नाही.

वसुलीत असताना एका शाळेतले शिपाई माझ्या टेबलासमोर येऊन बसले होते. मित्राला जामीन राहिले, मित्र थकला, यांच्या पगारातून कपात सुरू झाली. पगाराची स्लिप त्यांनी चार घड्या करून खिशात ठेवली होती. ती उघडून टेबलावर सपाट केली, कपातीच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, त्याच्या लग्नात मी पंगतीत वाढायला होतो." पुढे काही बोलले नाहीत. मलाही काही बोलता आलं नाही, कारण कागद चोख होते.

तुमच्या बाबतीत जामीनदार बायकोचा भाऊ आहे. पतपेढीची नोटीस त्याच्या घरी गेली की संध्याकाळी बहिणीला फोन जाणार. मग हप्ते थकल्याचं तिला कळेल, आणि त्याच्या पाठोपाठ कार्डाचंही. म्हणून कार्डाचं आजच रात्री सांगा, जेवणं झाल्यावर, मुलं झोपल्यावर. आकडे कागदावर लिहून समोर ठेवा. 'थोडेसे आहेत' असं म्हणू नका, कारण दुसऱ्यांदा खरा आकडा सांगताना पहिल्यापेक्षा जास्त जड जातं.

लाइट बिलाचं लगेच उरकतं. भांडुपला तुम्ही महावितरणकडे. थकलं तर वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे १५ दिवसांची नोटीस देऊन पुरवठा तोडता येतो, आणि परत जोडून घ्यायचे पैसे वेगळे. ते सिबिलवर जात नाही, पण मुलं अंधारात बसतात. या महिन्याच्या शिल्लकीतून आधी हे ५,१४० भरा. फक्त 'आज रात्री साडेनऊला वीज कापणार, या नंबरवर फोन करा' असा मेसेज कुठल्या मोबाइल नंबरवरून आला तर तो चोराचा समजा. थकबाकीदार घाबरलेला असतो, असल्या जाळ्यात पटकन सापडतो.

उरलेले तीन-साडेतीन हजार घेऊन पतपेढीत जा. फोन नको, स्वतः जा. व्यवस्थापकांना सांगा की नोकरी लागलीय, नव्या पगाराची स्लिप दाखवा, पुढच्या महिन्यापासून ४,९०० चालू करतो म्हणा, आणि थकलेले चार हप्ते मुदतीच्या शेवटी टाकून द्या असा लेखी अर्ज द्या. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. माझा अनुभव असा की जो स्वतः चालत येतो त्याचा चेक सहसा कोणी बँकेत टाकत नाही. त्यांनाही केस नकोच असते, वार्षिक सभेत थकबाकीचा आकडा कमी दाखवायचा असतो.

आता कार्ड, कारण तुमची झोप त्यानेच उडवलीय.

आधी हे घडलं कसं ते तुमच्याच बिलावर बघा. ८४,६०० बाकी असताना किमान रक्कम होती ४,२३०. व्याज महिन्याला ३.६ टक्के, म्हणजे ३,०४६. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ५४८. तुम्ही ४,२३० भरून 'महिना निभावला' म्हणायचात, आणि मुद्दलातून जायचे ६३६ रुपये. तेही त्या महिन्यात कार्डावर काही नवीन घेतलं नाही तर. 'किमान रक्कम' हा शब्दच असा गोड आहे की तेवढी भरली की सगळं ठीक आहे असं वाटतं. आता १,१२,४०० वर हेच व्याज जीएसटी धरून महिन्याला पावणेपाच हजारांवर गेलंय. तुमच्याकडे हप्ता भागवून साडेतीन हजार उरणार. म्हणजे आहे त्या स्थितीत तुम्ही कितीही प्रामाणिकपणे भरत राहिलात तरी रक्कम वाढतच जाणार. म्हणून इथे भरण्याआधी व्यवहाराची रीत बदलायला हवी.

४८ हजारांची सेटलमेंट मोहात पाडणारी आहे, कबूल. ६४ हजार वाचतात. पण तुम्हाला दोन-तीन वर्षांत गृहकर्ज लागणार आहे. सेटलमेंट केलीत की सिबिलच्या रिपोर्टवर त्या खात्यापुढे 'सेटल्ड' असा शेरा येतो. वाचणाऱ्या बँकेला त्याचा अर्थ एवढाच कळतो की या माणसाने पूर्ण दिले नाहीत, आम्ही मिळाले तेवढ्यावर पाणी सोडलं. 'क्लोज्ड' म्हणजे पूर्ण फेडलं. आणि 'रिटन ऑफ' म्हणजे माफ झालं असं पुष्कळ जण समजतात. तसं नाही, बँकेने फक्त आपल्या वहीत ते बुडीत दाखवलेलं असतं, तुमच्याकडून येणं कायम असतं. गृहकर्जाच्या फायली तपासताना आमच्याकडे 'सेटल्ड' दिसलं की आधी ती जुनी बाकी भरून या आणि नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला आणा, असंच सांगितलं जायचं. मग वाचलेले ६४ हजार गेले कुठे?

एकदा तुमचा रिपोर्ट स्वतः काढून बघा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क अशा कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या, म्हणजे ब्युरो आहेत, प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, आणि स्वतःचा स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. ३०० ते ९०० मधला तो मोठा आकडा बघून छातीत धस्स होईल, तो सोडा. खाली प्रत्येक कर्जाखाली महिन्यांच्या चौकटी असतात, गेल्या ३६ महिन्यांच्या. वेळेवर भरलंत त्या महिन्यात ०००. उशीर झाला तर किती दिवस झाले तो आकडा. तुमच्या कार्डाच्या शेवटच्या चौकटीत आता १२० च्या पुढचं काहीतरी असेल. ९० च्या वर गेलं की बँकेच्या भाषेत खातं एनपीए, म्हणजे थकीत. या चौकटी पुसता येत नाहीत. स्टेशनबाहेरच्या भिंतींवर 'सिबिल क्लिअर करून देतो' असे कागद चिकटवलेले असतात, ते वाले खरी नोंद पुसू शकत नाहीत, फक्त तुमची फी घेतात. पण नवीन ००० एकेक करून जमा होतात, आणि १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती महिन्याऐवजी निदान दर पंधरा दिवसांनी पाठवावी लागते, त्यामुळे सुधारणा पूर्वीपेक्षा लवकर दिसते. दोन-तीन वर्षं म्हणजे २४ ते ३६ चौकटी. तुमच्या हातात तेवढा वेळ आहे.

म्हणून बँकेला, वसुलीवाल्याला नव्हे, ईमेल करा. नोकरी गेल्याचं पत्र आणि नवीन स्लिप जोडा. दोन गोष्टी मागा. एक, लेट फी आणि पाच महिन्यांचं व्याज जितकं परत फिरवता येईल तितकं फिरवा. दोन, उरलेल्या रकमेचे ठरलेले हप्ते करा, कार्डापेक्षा कमी व्याजाने. फेड पूर्ण झाल्यावर खातं 'क्लोज्ड' म्हणून कळवू असं पत्रात लिहून घ्या. सगळं कबूल करतील असं नाही, पण न मागता कोणी देत नाही.

पाटल्यांचं बोलू. इथे माझं मत बऱ्याच वाचकांना आवडणार नाही. भावना क्षणभर बाजूला ठेवली तर हिशेब सोन्याच्या बाजूचा आहे. कार्डाचं व्याज वर्षाला ४३ टक्के पडतंय, बँकेत सोनं तारण ठेवलं तर दहा-बारा टक्क्यांच्या आसपास. पूर्ण १,१२,४०० वर १२ टक्के म्हणजे महिन्याला साधारण अकराशे रुपये व्याज, पावणेपाच हजारांच्या जागी. कपाटात पाटल्या आणि बाहेर ४३ टक्क्यांचं कर्ज, याला मी अब्रू राखणं म्हणत नाही. पण पाटल्या तिच्या आहेत. ठेवायच्या की नाही ते ती ठरवील, सगळे आकडे बघून. ती नको म्हणाली तर नको. आणि ठेवल्याच तर ४८ हजारांच्या सेटलमेंटसाठी नाही, पूर्ण खातं बंद करण्यासाठी ठेवा. सराफाच्या पेढीवर नको, बँकेत. ते तारणाचे हप्तेही रिपोर्टवर दिसतात, नीट भरलेत तर तुमच्याच बाजूने.

यातलं काहीच जमलं नाही, म्हणजे पुन्हा नोकरी गेली किंवा घरात कोणी आजारी पडलं, तर सेटलमेंट करणं हे पाप नाही. मात्र बँकेच्या लेटरहेडवरचं पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया सोडायचा नाही, आणि पैसे थेट कार्डाच्या खात्यात, कुणा एजंटच्या यूपीआयवर नाही. 'आज सहापर्यंत' वगैरेला भुलू नका. ते सहा कधीच वाजून गेले. पुन्हा फोन आला असेलच, कदाचित आकडा थोडा खालीही आला असेल. महिनाअखेर जवळ आली की टार्गेटवाल्यांचा आवाज वेगळाच लागतो, हे मी टेबलाच्या पलीकडून ऐकलंय.

एक मात्र लगेच तपासा. नव्या कंपनीने पगाराचं खातं त्याच बँकेत काढलंय का? कार्डाच्या करारात सहसा असं कलम असतं की थकबाकी तुमच्या त्याच बँकेतल्या खात्यातून वळती करता येते. तसं असेल तर एचआरला सांगून पगार दुसऱ्या बँकेत घ्या. पळवाट म्हणून नाही, पण लाइट आणि पतपेढी आधी हा क्रम तुमच्या हातात राहायला हवा.

आता त्या फोनवाल्यांचं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचा नाही. नातेवाइकांना, मित्रांना त्रास देणं, चारचौघांत अपमान करणं, धमकावणं बंद. एजंट बाहेरचा असला तरी त्याच्या वागण्याला बँक जबाबदार. म्हणजे तुमचा सव्वानऊचा फोन आणि मामांचा फोन, दोन्ही नियम मोडून केलेले. एक साधी वही करा: तारीख, वेळ, नंबर, नेमकं वाक्य. मामांनाही फोन कधी आला ते विचारून लिहा. कोणी दारात आलं तर आत घेण्याआधी ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा, फोटो काढा. निम्मे जण तिथूनच जिना उतरतात. मग वहीतल्या नोंदी घालून बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल, वर लिहा की यापुढे फक्त माझ्याशी, ८ ते ७ मध्ये, आणि शक्यतो लेखी बोला. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, पैसे पडत नाहीत. १४४४८ वर मराठीतही बोलता येतं.

हे सगळं करताना त्यांच्याशी भांडू नका. फोनवरचा पोरगाही बहुतेक वीस-बावीस हजारांवरच असतो. "लेखी दिलंय, बँकेला विचारा" एवढं म्हणून फोन ठेवा.

१,२४० च्या पोस्टपेडला हसू नका. लाइट बिल, सोसायटीचा मेंटेनन्स हे सिबिलवर जात नाही, पण मोबाइल आणि ब्रॉडबँडवाल्यांची थकबाकी जाऊ शकते. माझंच सांगते. घर बदलताना मी एक ब्रॉडबँड बंद केलं, मोडेम न्यायला येतो म्हणाले, कोणी आलंच नाही. तीन वर्षांनी भाचीच्या शिक्षणाच्या कर्जाला सहकर्जदार व्हायला गेले तर माझ्या रिपोर्टवर थकबाकी. ३१ वर्षं बँकेत घालवलेली बाई, आणि मोडेमसाठी थकबाकीदार! बंद केल्याचा ईमेल जुन्या मेलबॉक्समधून शोधून काढला, म्हणून निभावलं. तुमच्याकडे नंबर बंद केल्याचा मेसेज किंवा पावती असेल तर कंपनीला पाठवा, आणि रिपोर्टवर नोंद दिसली तर त्या ब्युरोकडे वाद नोंदवा. ३० दिवसांत दुरुस्ती करणं बंधनकारक आहे, आणि एप्रिल २०२४ पासून उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. पुरावा नसेल तर तत्त्वासाठी गृहकर्ज अडकवू नका, भरा आणि नो ड्यूज घ्या.

मेहुण्याकडे तुम्ही आणि बायको मिळून या रविवारी जा, पतपेढीत अर्ज देण्याआधी. त्याला तोंडाने सांगा की चार हप्ते थकलेत आणि पुढे काय करणार आहात. आणि पतपेढीत गेलात की तुमचे किती चेक त्यांच्याकडे आहेत, कुठल्या बँकेचे, कुठल्या नंबरचे, ते लिहून आणा. ते खातं चालू आहे ना तेही बघा. आकडा मिळाला की मला कळवा, पुढचं तेव्हा बोलू.